फुगलेल्या काठाच्या चादरी

या मित्रांनो, असे जवळ सरका. कीर्तनाला बसतात तसे, गुडघ्याला गुडघा लावून. माझी हकिगत सांगतो. ती सांगताना आजही ऊर भरून येतो.

मी एक जुना हातमाग आहे. सागवानाचा, सोलापूरचा. भिंतीपलीकडेच मारुतीचं देऊळ. तिथल्या कीर्तनातला मृदंग रोज माझ्या लाकडात उतरायचा. माझे मालक नरसय्या आणि त्यांची बायको गंगम्मा तेलुगू विणकर. गंगम्मा चरख्यावर कांड्यांना सूत गुंडाळून देत, नरसय्या ती कांडी इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालून चादर विणत. पेठेतले कानडी व्यापारी वीरभद्रप्पा चादरीवर हात फिरवून म्हणायचे, "काठ बघा, पट्टीनं आखल्यावानी!" मला धन्य वाटायचं.

१९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आलं. समुद्र गावांत शिरला. हजारो माणसं गेली. गंगम्मांचा धाकटा भाऊ सुब्बय्या तिथंच राहायचा. त्याचा ठावठिकाणा लागेना. गंगम्मांचे हात थांबले, मग मीही थांबलो. वीरभद्रप्पांच्या लेकीच्या लग्नात आहेराला द्यायच्या चादरी माझ्यावर चालू होत्या. थोड्याच राहिल्या होत्या. सूतही त्यांचंच.

शेजारच्या ईरम्मा कीर्तनाहून आल्या त्या थेट चरख्यापाशी बसल्या.

"गंगम्मा, तू पड जरा. कांड्या मी भरते की."

"येतं का तुमाला, अक्का?"

"न यायला काय झालं? चाक तर फिरवायचं!"

पण ईरम्मा भजन गुणगुणत चाक फिरवायच्या. लय चढली की कांडीवर सूत घट्ट बसे, आळवणी आली की सैल. असं सूत विणताना सारखं ओढलं जाईना, म्हणून चादरींच्या काठाला सुताचे फुगे आले. नरसय्यांना दिसत होतं. पण मायेनं आलेल्या हाताला थांब कसं म्हणायचं? अशा सहा चादरी झाल्या.

देवळापुढून वादळग्रस्तांसाठी ट्रक निघणार होता. थोड्या चादरी त्यात जाव्यात, एवढीच गंगम्मांची इच्छा. पण माल दुसऱ्याचा. मागायचं कुठल्या तोंडानं?

वीरभद्रप्पा आले. काठावर बोट फिरवून थबकले. "नरसय्या, चादर हाय का जिलेबी?"

ईरम्मा पुढे झाल्या. "माझा हात हाय तो, अप्पा. रागवायचं तर मला रागवा."

तेवढ्यात गंगम्मा उठून आल्या. "अप्पा, ह्या सहा आमी परत विणून देतो. पण चांगल्यातल्या चार... माझ्या भावाच्या गावाकडं..." त्यांनी देवळाकडं बोट केलं.

वीरभद्रप्पांनी त्या सहा चादरी उचलून काखेत मारल्या.

"ह्या फुगेवाल्या माझ्या घरी. पाव्हणे नावं ठेवतील तर मला ठेवतील. चांगल्या समद्या ट्रकात टाका. ज्याचं घर गेलं, त्याच्या वाट्याला वाकडा काठ कशाला?"

ईरम्मांनी तिथंच त्यांना हात जोडले. भिंतीपलीकडून ऐकलेलं कीर्तन मी त्या दिवशी माझ्यासमोर उभं राहिलेलं पाहिलं.

ट्रक गेला. सुब्बय्याचं पत्र मात्र कधीच आलं नाही.

आता यंत्रमाग आले. मी कोपऱ्यात धूळ खात पडलोय, पण तक्रार नाही. तेलुगू हात, कानडी माणसाचं सूत आणि मराठी कीर्तन माझ्यावर एकत्र विणलं गेलं, हे भाग्य थोडं का आहे? मित्रांनो, तुम्हीही असेच एकमेकांना धरून राहा. आणि थंडीत पांघरूण अंगावर ओढाल, तेव्हा गंगम्मांच्या सुब्बय्याची क्षणभर आठवण काढा.