उतरलेली सूज

"नागपूरची तिकिटं काढलीस का?" उर्मिलाने विचारलं.

"आधी हे बघ तर," म्हणत नंदकुमारने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "ही लाल रेघ म्हणजे औषधं नसती तर गाठ कशी वाढली असती ती. आणि ही निळी आपली. बघ, कशी आडवी पडलीय. दिवाळीपर्यंत काही होत नाही. दिवाळीलाच जाऊ ना, आरामात."

परदेशातल्या, विमानतळाजवळच्या सँट्री या उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटवरून एक विमान खाली उतरत गेलं. त्याचा आवाज ओसरेपर्यंत उर्मिला थांबली.

"मला आत्ता जायचंय, नंदू. बोलता येतंय तोवर." तिने चहातला चमचा उचलून त्याच्यापुढे धरला. "हे... हे ढवळायचं. बघ, याचं नावच येऊन नाही राहिलं."

चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडी नागपूर यायचं. एरवी पुणेरी नवरा त्यावरून तिची टर उडवायचा. आज त्याने नुसताच चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

नंदकुमार सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये खुसपटं काढायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. हॉटेलात गेला तरी आधी मेन्यूकार्डावरच्या चुका काढायचा. अंतरपाट दूर झाला तेव्हा यानं आधी माझी वाकडी टिकली पाहिली, असं उर्मिला चारचौघांत सांगायची. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मेंदूत, बोलणं सांभाळणाऱ्या भागाला लागून गाठ निघाली, तेव्हा दोन दिवस रडून हा गडी कामाला लागला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो सुरू झाली, तोवर यानं शोधनिबंधांचा फडशा पाडला होता. अशा गाठींची गणितं शास्त्रज्ञांनी मांडलेली आहेत. पेशी किती वेगाने वाढतात आणि किती वेगाने आजूबाजूला पसरतात, हे दोन आकडे स्कॅनवरून काढायचे, की पुढचं चित्र दिसू लागतं. बायकोचं पुढचं दिसणार म्हटल्यावर कुठला नवरा डोळे मिटून बसेल?

जुलैच्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली होती. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, "स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरलीय, म्हणून चित्र बरं दिसतंय. त्यावर फार विसंबू नका. घरी जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. केमो थोडी पुढे ढकलू." बाई जपून बोलतायत, असं नंदकुमारला वाटलं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये रेडिएशन होतं, केमोच्या तारखा होत्या. स्टेरॉइड नव्हतं. त्या गोळ्या स्वयंपाकघरात हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी असायच्या, डोकं दुखू नये म्हणून घ्यायच्या.

"आईला अजून काहीच माहीत नाही," उर्मिला म्हणाली. "ते मीच सांगणार. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ती मरेस्तोवर झुरेल."

तिची आई, पद्मिनीबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून नागपुरात खाटेला खिळलेल्या. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. फोनवर त्या नुसतं 'हो, हो' करायच्या. त्यांना काही सांगायचं तर जवळ बसून, कानाशी तोंड नेऊनच सांगावं लागे.

"सांग ना. पण केमो मध्येच सोडली तर काय होईल बघ." त्याने एक आकडा बदलला. निळी रेघ उभी वर गेली.

उर्मिलाने त्या रेघेवरून बोट वर नेलं. "तुझं सहसा चुकत नाही म्हणा," ती म्हणाली आणि पुन्हा तिकिटांचा विषय काढला नाही.

सप्टेंबरमध्ये तिचे शब्द भराभर गेले. नवीन स्कॅनमध्ये गाठ मेंदूच्या दुसऱ्या बाजूला पोचलेली होती. आता विमानप्रवास नको, असं डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं. नंदकुमारने तिथेच कॉरिडॉरमध्ये बसून लॅपटॉप उघडला आणि स्टेरॉइडचा हिशेब धरून गणित पुन्हा चालवलं. निळी रेघ जुलैपासूनच वर चढत होती. लहान झाली होती ती सूज. गाठ आपल्या वेगाने वाढतच होती.

नोरीन नावाची नर्स चहा घेऊन आली. "तू ग्रँड आहेस ना?" तिने विचारलं. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक.

"स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः तपासायचा नसतो," तो म्हणाला. "ऑफिसात नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी."

नोरीनला काही कळलं नाही. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. नंदकुमार इतका मोठ्याने रडला की पलीकडच्या खोलीचं दार कोणीतरी लावून घेतलं.

दिवाळीच्या दिवशी नागपूरहून स्काइप लागलं. उर्मिलाची वहिनी सरला खाटेपाशी लॅपटॉप धरून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. पद्मिनीबाई खूप बोलल्या. चिवडा खारट झाला म्हणाल्या, लेक वाळली म्हणाल्या, तिकडे थंडी असते, कान बांधत जा म्हणाल्या. उर्मिला मान हलवत होती.

"आता तू बोल नं, बाई."

उर्मिलाचे ओठ हलले. त्यातून नुसता घोगरा सूर निघाला.

"आवाज येऊन नाही राहिला! सरला, वाढव नं जरा." सरलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरवाले नं? बघा नं, काय बिघडलं ते."

"हो, आई," नंदकुमार ओरडून म्हणाला. "बघतो."

तोवर पद्मिनीबाईंनी आपला बरा कान पुढे केला. पडदाभर तो सुरकुतलेला कान दिसू लागला, त्यातली मोत्याची कुडीसुद्धा. उर्मिला खुर्चीत पुढे सरकली, त्या कानाशी तिने तोंड नेलं आणि ती बोलू लागली.