गेटबाहेरची पोरं

माझ्या रुद्रला सांभाळायला मिळालेली सविता ही चौथी. पहिलं पाळणाघर आमच्याच गल्लीत होतं, भिंतीवर फुलपाखरंबिलपाखरं रंगवलेलं. तिथल्या काकूंनी मुलीची दहावी आहे म्हणून आठ दिवस आधी सांगून ते बंद केलं. दहावी त्यांच्या मुलीची आणि परीक्षा माझी! दुसऱ्या बाईंकडे टीव्ही सकाळी जो लागायचा तो रुद्रला घ्यायला जाईपर्यंत चालूच. तिसरी मुलगी खरंच गुणी होती, पण तिचं लग्न ठरलं. मी तिला साडी घेतली, तोंडभरून आशीर्वाद दिला आणि घरी येऊन रडले.

सासूबाई घोटीला असतात. त्यांची भाताची गिरणी आहे आणि गिरणी सोडून त्या कुठेही येणार नाहीत. "आणून सोड इथं, शनिवारी येऊन भेटत जा," असं त्या म्हणतात आणि वाईट मनाने म्हणत नाहीत. पण अडीच वर्षांचं पोर आठवड्यातून एकदा भेटायचं, तर मग जन्माला कशाला घालायचं? माझा नवरा दीपक चाकणला नोकरीला. तो शनिवारी रात्री येतो, रविवारी झोपतो आणि सोमवारी पहाटे जाता जाता म्हणतो, "निकिता, तू करतेस ना ॲडजस्ट." करते ना. दुसरं काय करणार?

तर सविता. नाशिकमध्येच पेठ रोडला एका खोलीत राहायची. मूळची पेठकडच्या डोंगरातली. नवरा बांधकामावर, आणि तिची स्वतःची एक मुलगी, रुद्रपेक्षा थोडी मोठी. जीव लावणारी बाई, त्याबद्दल वाद नाही. रुद्र तिच्या हातची नागलीची भाकरी खायचा, जी माझ्या हातची कधी खाल्ली नाही. पण तिचा भरवसा म्हणाल तर शून्य. जुलैमध्ये भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावी गेली ती पंधरा दिवसांनी उगवली. गावचा बोहाडा असला की देवांची सोंगं नाचायची म्हणून चार दिवस गायब. फोन केला तर डोंगरात रेंज नाही. दर वेळी मी कानाला खडा लावायचे आणि दर वेळी सोमवारी सकाळी तिच्याच दारात उभी असायचे. गरजवंताला अक्कल नसते.

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे श्वास घ्यायलाही सवड नसते. बागेतून माल येतो, बायका टेबलांपाशी उभ्या राहून घडातले बारके, डागी मणी कात्रीने काढतात, डब्या भरतात, आणि माल थंड होऊन कंटेनरमध्ये चढतो. सगळा खेळ त्या बायकांच्या हातावर. त्या सोमवारी मला तीस बायका कमी पडल्या. शेजारच्या पॅकहाऊसनी पळवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरून गेलाच पाहिजे, असं शेठ दोनदा फोनवर म्हणाले होते.

मी पुंजाला बोलावलं. पुंजा आमचा मुकादम, बायका आणायचं काम त्याचं.

"बाया हायेत मॅडम," तो म्हणाला. "पेठ रोडला लय बाया घरी बसल्यात. पण पोरं कुठं ठेवायची म्हणत्यात. बारकी बारकी पोरं हायेत."

"मग आणू देत की पोरं. क्रेटच्या शेडमध्ये बसतील. आणि मजुरी वाढवून देऊ म्हणून सांग. मला सकाळी टेबलं भरलेली दिसली पाहिजेत."

"पोरं चालतील? मागं तुम्हीच नाय म्हणाल्या व्हत्या."

"एका दिवसाने काय होतंय? आण."

खरं सांगते, त्या रात्री मी स्वतःवर खूष होते. बाकीच्या पॅकहाऊसना जे सुचलं नाही ते मला सुचलं होतं. कामावर जाणाऱ्या बाईचं घोडं पोरापाशी अडतं, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

सकाळी सातला रुद्रला सविताकडे सोडलं. ती नेहमीपेक्षा लवकर आवरून बसली होती, वेणी घातलेली, डबा भरलेला. रुद्र माझ्या ओढणीला लोंबकळत होता.

"मॅडम, एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली.

"संध्याकाळी सांग गं, माझी बस जाईल."

मी रुद्रचे हात सोडवले आणि स्कूटर काढली. आडगाव नाक्यावरून आमची कामगारांची बस साडेसातला सुटते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

नऊच्या सुमाराला पुंजाचे दोन टेम्पो आले. मी तेव्हा कोल्ड स्टोअरेजमध्ये तापमान बघत होते. बाहेर आले तर टेबलं भरलेली. टोप्या, मास्क, ॲप्रन, हातमोजे घातल्यावर साठ बायका एकसारख्या दिसतात, नुसते डोळे. मी रांगेतून दोन फेऱ्या मारल्या, एकीला म्हटलं मणी जास्त काढतेस, दुसरीला म्हटलं हात चालव. देव पावला, असं मनात म्हणत वर ऑफिसात गेले.

साडेदहाला शेठचा फोन आला. परदेशातल्या खरेदीदाराची तपासणीवाली बाई नाशिकला आली होती आणि न सांगता बाराला आमच्याकडे येणार होती, हे शेठना बाहेरून कळलं होतं. या तपासणीत बाकी सगळं सांभाळून घेता येतं, पण आवारात लहान मूल दिसलं की संपलं. मूल कामाला होतं की खेळत होतं, कोणी विचारत नाही. माल थांबतो. शेठ म्हणाले, "निकिता, काही गडबड असेल तर आत्ताच बघ. नाहीतर उद्यापासून तू घरीच मुलगा सांभाळ." ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

मी खिडकीतूनच वॉचमनला फोन लावला. "बहिरू, शेडमधली सगळी पोरं गेटबाहेर काढ. पलीकडे बाभळीखाली बसव. ती गाडी येऊन जाईपर्यंत एक पोर आत दिसता कामा नये."

"मॅडम, पलीकडं सर्व्हिस रोड हाय. ट्रका जात्यात."

"म्हातारी आहे ना त्यांच्यासोबत? बघेल ती. काढ लवकर."

वरून मला ती जाताना दिसली. दहा-बारा पोरं. ऊन लागू नये म्हणून कोणीतरी त्यांच्या डोक्यावर आमच्याच पांढऱ्या कागदी टोप्या घातल्या होत्या. पुढे अंबूबाई, टेम्पोतून आलेली म्हातारी, जिला टेबलावरचं काम झेपत नाही म्हणून पोरं राखायला बसवली होती. सगळ्यांत शेवटचं पोर मागे वळून वळून शेडकडे बघत होतं आणि बहिरू त्याला हाताने पुढे ढकलत होता. मला वाटलं, चला, सुटलो. मी खिडकी लावून घेतली.

पावणेबाराला मी खाली बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले, सगळं जागच्या जागी आहे ना बघायला. तिथे दाराशी एका क्रेटमध्ये बायकांचे फोन जमा करतात. आत फोन न्यायला बंदी आहे. रुद्र जेवला का ते विचारायची माझी रोजची वेळ झाली होती, म्हणून उभ्या उभ्या सविताला फोन लावला.

क्रेटमध्ये सप्तशृंगीचं गाणं वाजायला लागलं.

मला आधी काहीच वाटलं नाही. नाशिकमध्ये दर चौथ्या फोनवर देवीचं गाणं असतं. सविताने उचलला नाही म्हणून मी कट केला, तर गाणं थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा वाजलं. मी क्रेटमध्ये हात घातला. कोपऱ्यात तडकलेला, रबर लावून बांधलेला तो फोन मी आठ महिने रोज बघत होते. त्याच्यावर नाव आलं होतं, "रुद्रची आई".

मी धावले. चपला आतल्या, रबरी, पाय घसरत होते. बहिरू गेटपाशी उठून उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, सगळी काढली, एक बी आत नाय." त्याच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

बाभळीखाली पोरं बसली होती. अंबूबाईने खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी घेऊन एकेकाचा पाय त्या पट्टीला अडकवला होता आणि पट्टीचं टोक बाभळीला बांधलं होतं. चार हातांवरून कांद्याचा ट्रक गेला आणि सगळ्यांच्या टोप्या हलल्या. शेवटच्या पोराच्या टोपीखाली माझा रुद्र होता. नाकाखाली शेंबूड, गालावर धूळ, हातात भाकरीचा तुकडा.

मी रस्त्याच्या अलीकडे होते. एक पाऊल टाकलं असेल, तेवढ्यात पांढरी गाडी सर्व्हिस रोडला वळली आणि बरोबर माझ्यासमोर थांबली. काच खाली झाली. तपासणीवाली बाई पुण्याची होती, वयाने माझ्याएवढीच.

"तुम्ही निकिता मॅडम ना? अरे, स्वागताला थेट रस्त्यावर!" ती हसली. मग तिने पलीकडे पाहिलं. "ही मुलं कोणाची?"

रुद्रने मला पाहिलं. तो उठला, पट्टीने पाय ओढला म्हणून पडला, पुन्हा उठला आणि ओरडला, "आई!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तोंड चाललं. "इथल्या वस्तीतली आहेत," मी म्हणाले. "आमच्याकडची नाहीत."

"तो तुम्हाला आई म्हणतोय."

"लहान आहे. सगळ्यांनाच म्हणतो."

गाडी आत गेली. मीही मागोमाग आत गेले. बहिरूने गेट लावलं. रुद्र ओरडत होता ते मला टेबलांपर्यंत ऐकू आलं, मग कोल्ड स्टोअरेजच्या पंख्यांचा आवाज सुरू झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. मी माझ्या बाब्यालाच भर रस्त्यात दुसऱ्याचं कार्टं करून आले होते. सव्वादोन तास मी त्या बाईला मशिनं दाखवली, तापमानाच्या नोंदी दाखवल्या, चहा पाजला. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता सांगावं आणि बाहेर पळावं. सांगितलं नाही. कागदावर "आवारात लहान मुले आढळली का" असं होतं. तिने "नाही" लिहिलं आणि मी खाली सही केली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी अक्षर वाकडं आलं नाही.

गाडी गेल्यावर मी बाभळीकडे पळाले. जेवणाची सुट्टी झाली होती, सविता माझ्याआधी तिथे पोचली होती. तिने मास्क गळ्यात ओढला होता. रुद्र तिच्या कडेवर होता, हुंदके अजून चालू. मी हात पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड तिच्या मानेत लपवलं.

मग मी जे केलं ते मला आता आठवलं तरी नको वाटतं. मी तिच्यावर तोंड सोडलं. माझं पोर टेम्पोत घालून आणलंस, न विचारता, हायवेच्या कडेला, जनावरासारखं बांधून. बाकीच्या बायका डबे हातात धरून बघत होत्या.

सविताने सगळं ऐकून घेतलं.

"सकाळी सांगत व्हते, तुमाला येळ नव्हता," ती म्हणाली. "पोरं आणली तरी चालतील म्हणून मुकादम बोलला, तवाच निघाले. माझी पोरगी आनली तसा ह्याला आनला, शेडात सावलीला बसवला. हे तुमचंच पॅकहाऊस हाय ते ठावं नव्हतं, तुमाला आत बघितलं तवा भ्याले, नाय बोलले. ती चूक हाय माझी." तिने रुद्रची पाठ थोपटली. "पन मॅडम, त्याला गेटाबाहेर मी नाय काढला."

तिची मुलगी अजून पट्टीला बांधलेलीच होती. अंबूबाई गुडघ्यावर बसून एकेकाचा पाय सोडवत होती. मला खाली बसून हात लावता आला असता, पण बसवलंच नाही.

तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणायचं माझ्या जिभेवर होतं. पण उद्या बुधवार होता, साडेसातला बस होती आणि पाचवी बाई माझ्याकडे नव्हती.

"उद्या सात वाजता आणू का त्याला?" मी विचारलं.

सविताने वाकून आपल्या मुलीच्या पायातली पट्टी सोडवली. "आना," ती म्हणाली. "द्राक्षं हायेत तवर मी हितंच येनार हाय. तुमच्या गेटवाल्याला तेवढं सांगून ठेवा, ह्यो मॅडमचा हाय म्हनून. म्हंजे ह्याला तरी काढायचा नाय."