काढून टाकलेली ओळ

नणंदेला निलंबित करून बारा दिवस झाले होते. नर्स होती ती, अकरा वर्षं नोकरी झालेली. औषधाच्या पंपावर पाचऐवजी पन्नास लागले आणि पेशंट दगावला. तिचं एकच म्हणणं, "मी पाचच दाबलं होतं." वहिनी नेमकी त्याच पंपाचं कर्नेल लिहिणाऱ्या कंपनीत. ती रोज जेवताना नणंदेला समजवायची, "अगं, मशीनला काय तुझ्याशी वैर आहे? दमली होतीस, चुकून शून्य दाबलं गेलं असेल. आठव जरा नीट." समजवायची कसली, डोकं खायची! नणंद ताट तसंच टाकून मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची.

कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला मूळ प्रोग्राम. बाकीच्या प्रोग्रामांना मेमरीत जागा तोच देतो आणि काम झालं की परत घेतो. चौकशी समितीसाठी 'मशीन निर्दोष' असा अहवाल करायचं काम साहेबांनी वहिनीच्याच गळ्यात मारलं. नात्याचं त्यांना माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं आपलं करायचं म्हणून एक पंप टेबलावर ठेवला, पाच आकडा लावला आणि चाचणी सुरू करून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असताना, तिनं पंपाकडे पाहिलं. पन्नास! आणि पंपाला कोणाचं बोटही लागलं नव्हतं.

कप तसाच ठेवून ती हात धुऊन त्या चुकीच्या मागे लागली आणि दुपारपर्यंत ती सापडली. पंप आपला आकडा वाचत असतानाच कर्नेल ती जागा काढून घेत होतं आणि अलार्मच्या प्रोग्रामला देत होतं. म्हणजे बिऱ्हाडकरू आत जेवत बसलाय आणि मालकानं खोली दुसऱ्याला देऊन टाकली! अलार्मनं तिथं आपली पन्नासची मर्यादा लिहिली, आणि पंपानं तोच डोस समजून पेशंटला दिला.

मग इतकी वर्षं हे का घडलं नव्हतं? तर गेल्या महिन्यापर्यंत पंपांत चालणाऱ्या जुन्या कोडमध्ये तिथं नोंद छापणारी एक ओळ होती. कामाची काही नाही, पण ती छापायला जो क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यात पंपाचं वाचून व्हायचं. चूक पहिल्यापासूनची, त्या ओळीनं नुसती झाकून ठेवलेली. ओळ कोणी काढली म्हणून तिनं कोडमधल्या बदलांच्या जुन्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती, "फालतू ओळ काढली." खाली तिचंच नाव. तपासणाऱ्यानं "छान साफसफाई" म्हणून सही ठोकलेली.

वाचणाऱ्याचं काम संपेपर्यंत जागा सोडायची नाही, एवढीच दुरुस्ती. चार ओळी. अहो, चार ओळींपायी माणूस गेला!

"दुरुस्ती टाक," साहेब म्हणाले, "पण अहवालात कशाला? किरकोळ सुधारणा म्हण."

"किरकोळ? माणूस मेलाय, साहेब."

तिनं सगळं लिहिलं, स्वतःच्या नावासकट, समितीला पाठवलं आणि तडक घर गाठलं.

नणंद मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनीनं तिचे दोन्ही हात धरले. "अगं, तू पाचच दाबलं होतंस. चूक माझी होती. माझी! मला माफ कर गं." आणि तिला रडूच फुटलं.

नणंदेनं हळूच हात सोडवून घेतले. "माझ्यासाठी उगाच स्वतःवर घेऊ नकोस, वहिनी. मी आज सकाळी समितीपुढे कबूल करून आले."

"अगं, पण पुरावा आहे माझ्याकडे!"

"असेल. पण मला आठवलं ना आता. तू म्हणतेस तशी दमलेच होते मी. आधी पाच दाबलं, मग शून्य. या बोटानं," ती म्हणाली, आणि तिनं ते बोट वहिनीला दाखवलं.