दहा मिनिटं

साखर काठावर आली आहे, रोज सकाळी पाऊण तास चाला, असं डॉक्टरांनी सुरेखाला सांगितलं आणि घरी येताना वाटेतच तिच्या नवऱ्यानं, कृष्णानं, तिला बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "चालायला पाहिजेत की पळायला?"

"या वयात काय पळणार हो," कृष्णा हसत म्हणाला. "चालायचेच द्या."

सुरेखानं बूट पायात घालून बघितले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि आपली बायको एके काळी तालुक्यात तीन हजार मीटरला पहिली आली होती, हे कृष्णाला माहीत नव्हतं. माहेरच्यांनी ते सांगितलं नाही, तिनंही कधी विषय काढला नाही. तो चिकलठाण्याला एका कंपनीत सुपरवायझर, ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून, मुलगी संस्कृती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुकुंदवाडीत दोन खोल्यांवर तिसरी चढवली होती. चाललं होतं ते बरं चाललं होतं.

महिनाभर ती सिडकोतल्या मैदानावर चालली. दिवाळी उलटली, थंडी पडली आणि सकाळची गर्दी विरळ झाली. एका सकाळी मैदानात ती जवळजवळ एकटीच होती. तिसऱ्या फेरीला तिचे पाय आपोआप पळायला लागले. तिनं ठरवलं असं काही नव्हतंच. गुडघे कुरकुरले, छाती भरून आली, तरी अर्धी फेरी ती पळत राहिली. आणि मग तिला मागून दुसऱ्या कुणाची तरी पावलं ऐकू आली.

डावीकडून, अर्ध्या पावलाच्या अंतरानं. कुणाला तरी पुढं जायचं असेल म्हणून ती बाजूला सरकली. कुणी पुढं गेलं नाही. तिनं मान वळवली. मागं मैदान मोकळं होतं, पार गेटपर्यंत.

ती चालायला लागली तशी पावलंही थांबली. ती पुन्हा पळाली, तशी पावलं पुन्हा आली. आता तिनं कान देऊन ऐकलं. उजवं पाऊल हलकं पडत होतं, डावं किंचित जोरात. लहानपणी बाभळीचा काटा खोल मोडल्यामुळे डाव्या पायाची टाच जरा आपटत पळणारी एकच मुलगी सुरेखाला माहीत होती. ती जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

सुरेखा बाकावर बसली. भीती वाटत होतीच. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. फार दिवसांनी कुणीतरी नावानं हाक मारावी, तसं.

त्या मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. सुरेखाच्या माहेरी, करमाडला, सगळे तिला ज्ञाना म्हणत. तिचे वडील कारभारी मेंढरं राखायचे, आई कस्तुराबाई मजुरीला जायची. सुरेखाचं घर शेतीवाडीचं, गावात मान असलेलं. पण शाळेच्या मैदानावर दोघींमध्ये अर्ध्या पावलाइतकाच फरक असायचा. सुरेखा शेवटच्या दोनशे मीटरला पुढं निघायची, लांबच्या पल्ल्याला मात्र ज्ञानाच्या दमाला तोड नव्हती. खेळाच्या गुरुजींनी दोघींची नावं राज्याच्या निवडीला पाठवली. रोज पहाटे पाचला ज्ञाना सुरेखाच्या मागल्या खिडकीखाली येऊन दबक्या आवाजात हाक मारायची, "सुरे, ए सुरे." मग दोघी जालना रोडनं शेंद्र्याच्या दिशेनं पळायच्या, पूल ओलांडला की गाडीवाटेला लागायच्या. साडेपाचच्या आतच त्या पूल गाठायच्या.

निवड आठ दिवसांवर आली असताना सुरेखाच्या आईनं, आवडाबाईनं, एका संध्याकाळी तिला सांगितलं की उद्या पाहुणे बघायला येणार आहेत. हातात नव्या बांगड्या भरल्या. "उद्यापासून पळणं बंद. उन्हानं, वाऱ्यानं तोंड बघ कसं झालंय."

सुरेखा नाही म्हणाली नाही. रात्रभर तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, की सकाळी ज्ञानाला हे सांगायचं कसं. दोन वर्षं दोघींनी मिळून पुण्याची, बालेवाडीच्या मैदानाची स्वप्नं बघितली होती. पहाटे हाक आली तेव्हा ती जागीच होती. तिनं कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं. पुन्हा एक हाक आली. मग शांत झालं. ज्ञाना खिडकीखाली उभी आहे, वाट बघते आहे, हे तिला भिंतीतून कळत होतं असं वाटलं. ती उठली नाही.

पुलाजवळ एका ट्रकनं ज्ञानाला उडवलं. धुकं होतं, नंबर कुणी बघितला नाही. पंचनाम्यात वेळ लिहिली होती पाच पस्तीस.

गावात सगळे म्हणाले, सुरेखाचं दैव बलवत्तर, बघायचा कार्यक्रम होता म्हणून वाचली. सुरेखा मनातल्या मनात हिशेब करत राहिली. ज्ञाना वेळेवर निघाली असती तर पाच पस्तीसला पूल मागं टाकून गाडीवाटेला लागलेली असती. ती दहा मिनिटं उशिरा निघाली. आपली वाट बघत दहा मिनिटं थांबली. उठून खिडकीतून एवढंच म्हटलं असतं की मी येत नाही, तू जा, तर?

पाहुणे वीस दिवसांनी आले. वैशाखात लग्न झालं. निवडीला करमाडहून कुणीच गेलं नाही.

एवढ्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता रोज सकाळी ती मैदानावर जायची आणि पळायची. आजूबाजूला लोक असले की पावलं यायची नाहीत, म्हणून ती लवकर जायला लागली. कधी अर्धी फेरी झाली की यायची, कधी दोन फेऱ्यांनंतर. आली की तिचा दम वाढायचा. महिन्याभरात ती न थांबता पाच किलोमीटर पळू लागली. वजन उतरलं, साखर उतरली, कृष्णा खूश झाला. फक्त ती घरात गप्प असायची. भाजी निवडताना मधेच हात थांबायचा आणि ती दाराकडं बघत राहायची.

एका रविवारी संस्कृती तिला न्यायला मैदानावर आली. आई एकटीच पळत होती. जवळून जाताना ती म्हणाली ते संस्कृतीनं स्पष्ट ऐकलं, "हळू गं, पुढं खड्डा आहे."

"आई, कुणाशी बोलत होतीस?"

सुरेखानं आधी टाळलं. मग बाकावर बसून घाम पुसत पुसत सगळं सांगितलं. संस्कृतीनं मधे एकदाही तोडलं नाही.

"सतरा वर्षांची होतीस तू," ती शेवटी म्हणाली. "ट्रक तू चालवत नव्हतीस."

"ते मलाही कळतं."

"तिच्या आईला भेटलीस कधी?"

सुरेखानं नकारार्थी मान हलवली. माहेरी गेली की ती नेहमी दुसऱ्या गल्लीनं जायची. कस्तुराबाई बाजारात दिसली तर पाठ फिरवायची. अठ्ठावीस वर्षं हेच केलं होतं.

पुढच्या रविवारी ती जालन्याच्या बसनं करमाडला उतरली. रस्ता आता चांगलाच रुंद झाला होता. तो जुना पूल कुठं होता, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. कस्तुराबाईचा मुलगा राम शेंद्र्याला ठेकेदाराकडं कामाला होता, सून रोजंदारीवर गेली होती. म्हातारी घरापुढच्या ओट्यावर बसली होती. कारभारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेंढरं केव्हाच विकली, चार शेळ्या तेवढ्या दावणीला होत्या. म्हातारीचा एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं अंधूक दिसायचं.

"कोन हाय?"

"मी सुरेखा, मावशी. आवडाबाईची."

म्हातारीचा शेळीच्या मानेवरून फिरणारा हात थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. "ये. बस."

सुरेखा बसली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"मावशी, त्या दिवशी मी जागी होते. तिनं हाक मारली तेव्हा मी जागी होते. मी उठले नाही. ती माझी वाट बघत थांबली म्हणून तिला दहा मिनिटं उशीर झाला."

कस्तुराबाईनं शेळीचं दावं चाचपून सैल केलं. सुरेखाला वाटलं, आता ही उठून आत जाईल, किंवा हाकलून देईल. दोन्हीला तिची तयारी होती.

"तू जागी व्हतीस ते मला ठाव हाय," म्हातारी म्हणाली. "पन ती तुझ्या खिडकीखाली थांबली नाय. दोन हाका मारल्या अन् माघारी घरी आलती. म्हनली, आये, सुरीच्या बांगड्या वाजल्या, जागी हाय ती. आज बघायला येनार हायेत म्हनं तिला. तोंड दाखवायची लाज वाटत असंल. असू दे, म्या एकटी जाती."

"मग?"

"मग म्या म्हनलं, थंडी लई हाय, घोटभर च्या घेऊन जा. ती नगं म्हनत व्हती. उशीर हुतोय म्हनत व्हती. म्या हात धरून बशिवली. चूल इझली व्हती, ती फुकली. दूध नव्हतं, शेळीचं काढलं. ती बसल्याजागी पाय हलवत व्हती, आये लवकर, आये लवकर." म्हातारीनं सुरेखाकडं तोंड वळवलं. "तू दहा मिन्टं म्हनतीस ना? ती माझ्या चुलीपाशी गेली, बाई."

सुरेखा ओट्यावर तिच्याजवळ सरकली.

"तिच्या बापाला बी सांगितलं नाय म्या. ते मरताना बी नाय. लोकं म्हनायचे, तिच्या नशिबात तेवढंच व्हतं. म्या मान हलवायची."

सुरेखाला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. ती दहा मिनिटं आपली नव्हती हे कळलं, तरी ती कमी झाली नव्हती. म्हातारीनं न्याहारी करताना, निजताना, बाजाराला जाताना ती दहा मिनिटं रोज वागवली होती, आणि आपण त्याच गावात पाठ फिरवून जात होतो. तिनं कस्तुराबाईचा हात धरला. हात खरखरीत आणि गरम होता.

मग तिनं पावलांचं सांगितलं. हिला खरं वाटेल का, हा विचारही मनात आला नाही. म्हातारी पुढं झुकून ऐकत होती.

"डावं पाऊल जोरात पडतं?"

"व्हय मावशी."

"तिचंच." मग जरा वेळानं, "पायात काय हाय तिच्या?"

"अनवाणीच असावी. आवाज तसा येतो."

"बूट पायजे व्हते तिला. दिवाळीला घेऊ म्हनलं, मंग संक्रांतीला म्हनलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "दमती का?"

"नाय. मी दमते, ती दमत नाय."

म्हातारीनं मान डोलवली. घराच्या मागून शेतातनं एक पायवाट ओढ्यापर्यंत गेली होती. तिकडं हात करून ती म्हणाली, "एकदा हितं पळशील का? मला ऐकू दे."

त्या दिवशी सुरेखा साडीत होती. पुढच्या रविवारी ती बूट आणि पंजाबी ड्रेस घालून, पहिल्या बसनं आली. कस्तुराबाई गोधडी पांघरून ओट्यावर बसली होती. सुरेखा ओढ्यापर्यंत पळत गेली, वळली, परत निघाली. सगळं अंग कान झालं होतं. हरभऱ्याच्या रानावरून वारं येत होतं, लांब हायवेचा घरघर आवाज होता आणि तिची स्वतःची पावलं. बाकी काही नाही. तिनं वेग वाढवला, कमी केला, थांबून पुन्हा सुरुवात केली. ज्ञाना आली नाही.

ओट्याजवळ येताना तिचं तोंड उतरलं होतं. म्हातारीला काय सांगायचं? पण कस्तुराबाई ताठ बसली होती, एक हात कानामागं धरून, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा सैल पडला होता.

"आल्या गं," ती म्हणाली. "दोघी आल्या. मला ऐकू आलं."

सुरेखा तिच्या शेजारी बसली. खरं सांगावं, असं एक क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिनं म्हातारीची गोधडी सारखी केली.

त्यानंतर सिडकोच्या मैदानावरही पावलं आली नाहीत. कितीही लवकर गेलं, कितीही लांब पळालं, तरी मागं मोकळंच असायचं. सुरेखा पहिल्या काही दिवसांत घरी येऊन रडली. मग तिला कळलं की पावलं नसली तरी आपले पाय थांबत नाहीत. पहाट झाली की ते बूट शोधतात. गेलेली अठ्ठावीस वर्षं त्यांनी कुठं साठवून ठेवली होती कोण जाणे. जानेवारीत संस्कृतीनं तिचं नाव शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत घातलं. ती एक तास सहा मिनिटांत आली, बऱ्याच जणींच्या मागं. कृष्णा शेवटच्या रेषेपाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. "तू आधी पळायचीस, हे कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "विचारलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली, आणि तेही पूर्ण खरं नव्हतं.

रविवारी मात्र ती करमाडलाच जाते. म्हातारीची तब्येत आता बरी नसते, तरी राम तिला उचलून ओट्यावर आणून बसवतो. सुरेखा ओढ्यापर्यंत जाते आणि परत येते. मागच्या रविवारी ती येऊन टेकली तेव्हा कस्तुराबाईनं तिचा हात चाचपत धरला.

"आज ती म्होरं व्हती का गं? आधी तिची पावलं आली, मागनं तुझी."

सुरेखाला धाप लागली होती. तिनं वळून पायवाटेकडं बघितलं.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "लई पळाले. पन गाठता आली नाय."