खंडेनवमीला पिळलेले धनुष्य

मित्रांनो, रामाच्या तसबिरीत असते तसे माझे रूप नाही. दोन टोकांना चाके, अंगावर ओरखडे, असे मी एक जुने कंपाउंड धनुष्य आहे. आधी छावणीतल्या एका जवानाने मला वापरले, मग मी हर्सूलच्या चौदा वर्षांच्या राजनंदिनीकडे आलो.

माझ्या वरच्या आणि खालच्या पात्याच्या मुळाशी एकेक बोल्ट आहे. तो पिळला की दोरीची ओढ जड होते, सैल केला की हलकी. जवानाची ओढ पोरीला कशी झेपावी? तिच्या गुरू सत्यशीलाताईंनी दोन्ही बोल्ट सारखे सैल केले आणि तिला खुर्चीवर बसवून दोरी ओढायला लावली.

"दोरी ओढताना धनुष्य आभाळाकडं न्यावं लागलं, की समज ओढ जास्त हाय. खांदा पिकू दे, मग वाढवू."

तसेच झाले. राजनंदिनी जिल्ह्यात पहिली आली. तेव्हा तिने आपले पदक माझ्याच गळ्यात घातले! आता दसऱ्यानंतर राज्याच्या संघाची निवड होती.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी तिचे केरबामामा आले. मामा कीर्तनात मृदंग वाजवतात. त्यांची थाप पडली की बुवांचा अभंग असा उभा राहतो, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. देवमाणूस! पण राजनंदिनी घरात नसताना त्यांनी माझी दोरी ओढून पाहिली आणि पाना उचलला.

"लई ढिलं हाय हे! देवीपुढं ढिलं हत्यार मांडतात व्हय?"

"दादा, ताईंनी हात लावू नका म्हणलंय," राजनंदिनीची आई सारजाबाई म्हणाली.

"जन्म गेला माझा मृदंग चढवण्यात. तू मला शिकवती?"

भावाचा शब्द न मोडता ती पूजेच्या तयारीला लागली, आणि लेकीला सांगायचे राहूनच गेले. दोन्ही बोल्ट शेवटपर्यंत पिळले गेले. मला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार चढला. मी आतून कळवळत होतो, पण मला वाचा कुठली?

दसऱ्याच्या सकाळी राजनंदिनी एकटीच मैदानावर आली. दोरी येईना. मला आभाळाकडे न्यावे लागले, तरी येईना.

"नवरात्राच्या उपासानं हात गळाला का काय माझा?" ती पुटपुटली.

नाही गं लेकरा, तुझा हात नाही, मीच जड झालोय! पण बोल्ट सैल व्हायला पाना लागतो, नुसती तळमळ पुरत नाही. तिने सारा जीव लावून हिसका दिला आणि खांदा धरून खाली बसली.

निवड हुकली. मामा तिच्या उशाशी बसून रडले, "देवीसाठीच केलं गं मी."

"ठावं हाय मामा. पर मला एकदा विचारायचं तरी."

मित्रांनो, पाना हातात घेण्याआधी ज्याला ओढायचे आहे त्याला विचारा. माया असली म्हणून कुणाच्या खांद्याचा अंदाज आपल्याला येत नाही. सत्यशीलाताईंनी मला पुन्हा सैल करून खुंटीला लावले आहे. खांदा कधी भरून येईल, डॉक्टरही सांगत नाहीत. पांडुरंगा, तिचा हात एकदा वर जाऊ दे. मग मला खेळण्याइतके हलके केले तरी चालेल.