पाण्याचं कडवं

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत कुणाचंही बारसं असलं, की अंबुबाईला बोलावणं येतं. पाळणा ती बसल्या जागी रचते. त्यात एक कडवं तिच्या माहेरच्या रीतीचं, पाण्याचं. बाळ जिथं जन्मलं तिथलं पाणी कुठलं, ते कुणी आणलं, काठावर पहिली चूल कुणी मांडली, हे गायचं. गाताना आईनं त्याच पाण्याचा थेंब बाळाच्या कपाळी लावायचा. त्याशिवाय बाळ त्या मातीत बसत नाही, असं अंबुबाई मानते.

आता बारसं तिच्याच नातीचं होतं. तिकडं कॅनडात, टोरोंटोला. पाळणा फोनवरून गायचा होता.

"मी सिद्धेश्वराचं तळं गाणार हाय," तिनं लेकीला सांगितलं. "तुझ्या येळंला गायलं तेच."

उत्कर्षा म्हणाली, "आई, तिनं ते तळं पाहिलंच नाही. मोठी होऊन विचारेल, माझं पाणी कुठलं? मी काय सांगू?"

"सोलापूरचं म्हणून सांग."

"ती इथली आहे गं. इथंही तळं आहे."

नेट न्हाय, असं म्हणून अंबुबाईनं फोन ठेवला. नेट चांगलं होतं.

तिचा नवरा ईरप्पा चटणीसाठी शेंगा फोडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुझं भांडण तळ्याशी न्हाय, अंबू."

"मग कुणाशी?"

"लेक लांब गेली तिथंच अडलंय तुझं."

तिनं मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. तिकडचं पाणी एकदा पाळण्यात घातलं, की लेकी-नाती तिकडच्याच झाल्या. परत यायची आस आपल्याच तोंडानं मिटवायची कशी?

सकाळी चार दिवसांनी नळाला पाणी आलं. हंडे भरता भरता ती तळ्याचं कडवं गुणगुणू लागली आणि मध्येच अडली. उत्कर्षाचं बारसं आठवलं. अक्कलकोटाकडच्या खेड्यातून अंबुबाईची आई आली होती, कानडीखेरीज दुसरं न बोलणारी. गावची विहीर तिला जिवासारखी. पण पाळण्यात तिनं विहिरीचं नाव काढलं नाही. गल्लीतल्या बायकांना विचारून विचारून सोलापूरचंच तळं गायलं, कानडीतून. गाताना तिच्या डोळ्यांत काय होतं, ते अंबुबाईला आज कळलं.

हंडा भरून वाहू लागला. तिनं नळ बंद केला आणि लेकीला फोन लावला.

"सांग बाई तुझं तळं. कुणी खोदलं?"

उत्कर्षा हसत सुटली. "आई, कुणी नाही खोदलं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं आहे ते."

"असं कसं? मानसाचा हात लागल्याबिगर तळं व्हतंय व्हय?" सिद्धेश्वराचं तळं माणसांनीच खोदलेलं; सोलापुरात मुरलेली जीभ दुसरं काय म्हणणार.

"बर्फानं कोरलं. डोंगराएवढा बर्फ होता, तो सरकत गेला. आधी पाणी आमच्या गल्लीपर्यंत होतं. बाबागाडी ढकलताना दम लागतो ना, तो चढ म्हणजे तळ्याचा जुना काठ. त्याच्या पायथ्याशी माणसांची पायवाट पडली, तिचाच आता रस्ता झालाय."

"कुठली मानसं?"

"मासे धरणारी, मका पेरणारी. कितीतरी जमाती. शेवटी मिसिसॉगा म्हणून लोक होते. इंग्रजांनी त्यांच्याकडून जमीन घेतली. ते म्हणत, आम्ही वाटून राहायला हो म्हटलं होतं, देऊन टाकली नव्हती."

"हायती का अजून?"

"आहेत की."

"मग त्यांचं नाव आधी घ्यावं लागंल." अंबुबाईनं एक बोट मुडपलं. "आनि काय?"

"समोर वाळूची लांब पट्टी होती, गावाला जोडलेली. एका वादळात तुटली, तिचं बेट झालं. पण ओसाड नाही पडलं. घरं आहेत, शाळा आहे. रोज होडी जाते-येते."

अंबुबाई ओठांतल्या ओठांत ओळी जुळवू लागली.

"आई? नेट गेलं का?"

"न्हाय गेलं. नळाला पानी कवा येतं तुमच्या?"

"रोज येतं. दिवसभर. त्या तळ्याचंच."

"रोज?" तिनं ईरप्पाकडं पाहिलं. "अवो, ऐकलं का? पोरगी सुखात हाय."

बारशाला इथं दिवेलागण झाली होती, तिथं सकाळ. गल्लीतल्या बायका फोनभोवती दाटल्या. तिथं उत्कर्षाच्या नणंदेनं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, तेजश्री. मग अंबुबाईनं डोळे मिटले.

*बर्फानं कोरलं तळं, काठ चालत मागं गेला,*
*जुन्या गं पायवाटेचा, रस्ता लेकराचा झाला.*

*आधी मिसिसॉगांचं जाळं, त्यांचं पाणी, त्यांची माती,*
*त्यांना विचारून बाळे, लाव तुझी तू पणती.*

ईरप्पानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

*वादळानं तुटली वाळू, तिचं झालं गं बेट,*
*रोज होडी जाते-येते, रोज दोघींची भेट.*

पडद्यावर उत्कर्षानं एका हातानं डोळे पुसले. दुसऱ्या हाताचं बोट वाटीत बुडवून थेंब लेकीच्या कपाळी टेकवला. तेजश्रीनं नाक मुरडलं, आता रडते की काय असं तोंड केलं.

"गार लागलं वाटतं तिला," उत्कर्षा म्हणाली.

"लागू दे," अंबुबाई म्हणाली. "तिचंच पानी हाय की."