मधल्या जागेतला ठोका

जर्मन माणसाला टाळी वाजवता येत नाही. हे वाक्य नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या काढणारा नॉर्बर्ट क्लाइनझोर्ग तीस वर्षं सांगत आला होता आणि त्याच वाक्यावर त्याची चूल पेटत होती. चार मात्रांतली पहिली आणि तिसरी दिसली की आपली माणसं त्यांच्यावर तुटून पडतात, जणू पलटण निघालीय. फंक, म्हणजे आमचा नाचाचा ताल, नाचतो तो दुसरीवर आणि चौथीवर. पहिलीवर टाळी पडली की त्याचा मुडदा पडतो.

ते वाक्य जन्मलं वाइडनरोटला, त्याच्याच गावात. १९९४ च्या एका रविवारी सकाळी त्याने खानावळीच्या हॉलमध्ये गावच्या बँडपथकातली चाळीस माणसं उभी केली, स्पीकरवर यंत्राचा ताल लावला आणि म्हणाला, वाजवा टाळ्या. त्यांनी वाजवल्या. एक-तीन, एक-तीन. तीनदा समजावलं. तरी एक-तीन. शेवटी घरी येऊन त्याने सगळंच ध्वनिमुद्रण एक मात्रा पुढे सरकवलं, टाळ्या आपोआप दोन-चारवर. झालं काम. त्या तबकडीवर कोलोनपासून ओसाकापर्यंत लोक नाचले. पुढच्या एकोणीस तबकड्यांत त्याने त्याच टाळ्या घातल्या आणि प्रत्येक मुलाखतीत सांगितलं, "माझ्या गावात एकालाही ताल कळत नाही. मी तो दुरुस्त केला."

गाव वाचत होतं. फुकट टाळ्या दिल्या आणि वर जगभर अक्कल काढून घेतली. अग्निशमन दलाची शंभरी झाली तेव्हा गावाने त्याला बोलावलं नाही. नॉर्बर्ट म्हणायचा, मला त्याचं काही वाटत नाही. म्हणायचा, एवढंच.

आता पहिली तबकडी पुन्हा निघणार होती. वेष्टनावरचा मजकूर त्याने लिहून ठेवला होता, पहिलं वाक्य अर्थात तेच. दुपारी चारपर्यंत छापखान्याला पाठवायचा होता. तोवर वेळ होता म्हणून ऑफेनबाखच्या स्टुडिओत त्याने मूळ फीत लावली. न सरकवलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

टाळ्यांच्या मध्ये काहीतरी ठोकलं जात होतं.

त्याला वाटलं, फीत खराब झाली. त्याने टाळ्या बारीक केल्या. ठक. ठक. दोन, चार. दोन, चार. आठ मिनिटं एकही ठोका इकडचा तिकडे नाही. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. सरकवल्यावर हाच ठोका त्याच्या तबकडीत एक-तीनवर, ढोलाखाली जाऊन बसला होता. ढोलाला तो लाकडी आवाज कुठून आला, हे समीक्षक तीस वर्षं विचारत होते. तो हसून म्हणायचा, गुपित आहे. कसलं गुपित? त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी गावात कुणीतरी बरोबर वाजवत होतं. मग त्याचं वाक्य खोटं होतं, आणि आज चारला तो त्या खोट्याखाली पुन्हा सही करणार होता. कोण होतं ते? त्याने गाडी काढली.

खानावळ चालवणारी रोझविथा आपेल आता अठ्ठ्याहत्तरची होती. ती स्वयंपाकघरात हिरव्या चटणीसाठी सात प्रकारचा पाला चिरत बसली होती.

"या, टाळीवाले," ती म्हणाली. "वाट चुकलात वाटतं."

"मावशी, त्या रविवारी हॉलमध्ये कोण कोण होतं?"

"सगळे होते. आता निम्मे मेले. माफी मागायची असेल तर स्मशान चर्चच्या मागे आहे."

"आधी हे ऐक."

त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग सुरी खाली ठेवून हसायला लागली.

"अरे, हे श्नित्झेल आहे."

"काय?"

"डुकराचं मांस, ठोकून पातळ करायचं आणि तळायचं. रविवारची साठ ताटं होती. वाढायची खिडकी उघडी आणि पलीकडे तुझी माणसं दणादणा टाळ्या वाजवतायत. त्यांच्यासोबत हातोडी मारली असती तर मला माझाच ठोका ऐकू आला नसता. मांस किती पातळ झालं ते मी कानाने ओळखते. म्हणून मधल्या जागेत मारत गेले."

"मधल्या जागेत."

"मोकळी होती ना ती. कुणी बसलंच नव्हतं तिथे."

"पण दोन आणि चार, हे तुला कसं कळलं?"

"मला कसलं दोन आणि चार? मला साठ ताटं कळत होती."

नॉर्बर्टने घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते. तरी तो म्हणाला, "एकदा करून दाखवशील?"

"रिकामं लाकूड नाही ठोकणार." तिने फ्रीजमधून मांसाचे दोन जाड काप काढले. "तू टाळ्या वाजव. तेव्हा हातपण हलवला नव्हतास, नुसता शिकवत होतास."

त्याने लॅपटॉपवर तेच गाणं लावलं, टाळ्या काढलेलं, नुसता ढोल आणि गिटारचा खर्ज. तो टाळ्या वाजवू लागला. तिची हातोडी चालू झाली. ठोका बरोब्बर मोकळ्या जागेत पडत होता, फितीवर पडत होता तसाच. नॉर्बर्टला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याने यंत्राशिवाय कुणाबरोबर वाजवलंच नव्हतं.

"बसतंय की, मावशी."

"बसणारच. मी नाही बदलले."

मग त्याने खर्जाकडे कान दिला. खर्ज पहिल्या मात्रेवर उतरत होता. त्याचे तळहातही तिथेच उतरत होते. पहिली. तिसरी. पहिली. तिसरी. त्याने हात ओढून दुसरीवर न्यायचा प्रयत्न केला, तर सगळंच कोलमडलं.

"थांबलास का? मांस अजून जाड आहे," रोझविथा म्हणाली.

तो पुन्हा वाजवू लागला. एक-तीन. ती मधे मारत राहिली.

पावणेचारला त्याने तिच्याच टेबलावर, चटणीच्या पाल्याशेजारी लॅपटॉप ठेवून पहिलं वाक्य खोडलं. लिहिलं: "टाळ्या, एक आणि तीनवर: वाइडनरोटचे चाळीस जण. मीही त्यांच्यातलाच. दोन आणि चारवर: रोझविथा आपेल."

तिने चष्मा लावून वाचलं.

"कशाने ते लिही. लोकांना वाटेल मीपण तुमच्यासारख्या टाळ्या पिटत होते."

त्याने लिहिलं, मांसाच्या हातोडीने. आणि पाठवून दिलं.